दोघींसाठी खोली

दोघीच, काकी. मी नि माझी पोर. तिसरं माणूस नाय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नसतं विचारलं तरी सांगणारच होती — दोघीच. आणि सामान म्हणाल तर काय, दोन गोधड्या, एक टोप, तवा, बादली. गॅस? नाय, स्टोव्ह. म्हणजे तुम्ही गॅस बोलाल तर गॅस आणू. धूर नाय होणार, भिंत काळी नाय होणार. भिंत काय छान रंगवलीत — पिस्ता ना हा? आमच्या अंगणवाडीला हाच मारलाय. खिडकी उघडते का ही? उघडते. हां. मोरी आतच आहे ते बेस झालं, मोरी आत असली की बाईमाणसाला रातचं बाहेर जायला नको — म्हणजे माझ्या पोरीला, अभ्यास करत बसते ती. आणि दवाखाना तो चढ चढला की पलीकडंच ना? नाय नाय, आजारी कोण नाय. उगाच विचारलं. माणसाला ठाऊक असावं, दवाखाना कुठं, पोस्ट कुठं, डेपो कुठं. नको, खुर्ची नको. उभीच बरी मी. बसली की पाय दुखतात, चालती असली की नाय दुखत, असं उलटं आहे माझं.

ती गेटाशी बसलीय ती? तीच माझी पोर. वर्षाली. आत नको, बसू दे तिथंच, तिला वारा लागू दे. खोडाळ्याची गाडी, त्यात तो घाट, त्यात डायव्हर असा हाकत होता जसं घरी त्याच्या भात करपतंय. पोरीला मळमळलं. शाल? हां, थंडी वाजते तिला, तुमच्या जव्हारला धुकं केवढं, समोरचं माणूस येईपर्यंत दिसत नाय. कॉलेजात आहे ती. कितवीला म्हणजे — ते आपलं बारावीच्या पुढचं. मला काय कळतं काकी, मी अंगठ्यावरनं सहीवर आली तेवढीच माझी शाळा. नर्सिंग! हां, नर्सिंग करणार ती. दवाखाना म्हणूनच विचारला मी. बघा, आठवलं की नाय. अंगानं भरलेली आहे? भरलीच आहे. नागलीची भाकर खाते. आमच्याकडच्या पोरी अशाच, तुमच्या गावातल्या पोरींसारख्या काडी नाय. ह्या काकड्या घ्या. घ्या हो, शेतातल्या आहेत, बांधावरच्या. भाडं ठरलं नाय तरी काकडी तुमचीच. मागं नाय मागणार.

सकाळपासनं फिरतोय. तुमचं गाव एवढंसं, पण खोली शोधायला लागा, मंग कळतं केवढं आहे ते. तळ्याकडच्या एका घरी गेली, तर त्या बाईनं दार उघडायच्या आधी विचारलं — नोकरी कोणाची? मी बोलली, नोकरी नाय, शेती. तर दार उघडलंच नाय, आतनंच बोलली, आम्ही मास्तरांना देतो. दुसरा बोलला, बँकवाल्यांना देतो. तिसऱ्यानं विचारलं, सुकट खाता का? मी बोलली, खातो. नाय खात बोलायला पाहिजे होतं, पण तोंडातनं निघून गेलं. चौथा बरा होता, हसला, खोली दाखवली, आणि भाडं असं सांगितलं की मी उभ्या उभ्या परत पायऱ्या उतरली. मास्तर देतात बोलला. देत असतील. मास्तरांचा पगार महिन्याला येतो, आमचा भात वर्षाला येतो, तो पण आला तर. मंग मी पोरीला बोलली, चल, एक घर आहे. मला ठाऊक आहे एक घर. तिथं विचारू. कसं ठाऊक म्हणजे — आपलं, येता-जाता बघितलेलं. इथं पेरूचं झाड होतं ना, ह्या बाजूला? तोडलंत? कधी तोडलंत? नाय, काय नाय. असंच विचारलं.

तुमचं भाडं बरोबर आहे. नाय, खरंच बरोबर आहे, मी घासाघीस नाय करणार. आणि डिपॉझिट पण देते, आणलंय, इथं पदरात बांधलंय. भाडं दर महिन्याला येणार, कधी चुकणार नाय. श्रावणाचं फागू आणून देईल, भादव्याचं मंगळू देईल, त्याच्या पुढच्या महिन्याला हरेशची पाळी — म्हणजे — फागू माझा दीर. हां. मंगळू? तो पण दीर. हरेश — तो पण, लांबचा. असं बघताय काय काकी? एवढे दीर नसतात का कुणाला? नसतात. बरोबर आहे तुमचं. एवढे दीर असते तर मी इथं खोली शोधत कशाला फिरली असती, राणीसारखी नसती बसली? खोटं बोलायला लागलं की मला हे असं होतं, एक दीर सांगायला जाते नि तीन तयार होतात.

मंग ऐका. सावड आहे ती. भाताच्या आवणीला आम्ही सावड करतो — आज सगळा पाडा माझ्या शेतात उतरतो, उद्या सगळा फागूच्या. मजुरी कोण मागत नाय. आपली पाळी आली की चिखलात उतरायचं, एवढंच. तशीच आम्ही खोलीची सावड केलीय. एक महिना एक घर. ज्याच्याकडं रोख नाय तो नागली देतो, ती विकायची. ज्याच्याकडं नागली नाय तो दुसऱ्याच्या शेतात उतरतो नि तो दुसरा त्याचे पैसे भरतो. हरेशचं डोकं ते. तो ठाण्याला बिगारीला जातो, त्यानं बघितलं की तिथं पोरं दहा-दहा जण मिळून एक खोली करतात, पाळीनं झोपतात. तो बोलला, आपण पाडा मिळून जव्हारला एक खोली का नाय करत? सगळे हसले आधी. पाड्याची खोली जव्हारला! कोण राहणार तिथं, पाडा? तर मी बोलली — मी बोलली ते राहू दे. पोरीला शिकायला म्हणून, काकी. पाड्याच्या पोरींना शिकायला. आता एकच आहे ती शिकणारी. दोघीच आम्ही.

राहू दे म्हटलं तरी तुम्ही बघताय. असं बघू नका हो. मी काय बोलली होती सांगू? मी बोलली, माझी चैती असती तर ती राहिली असती त्या खोलीत. चैती माझी सून. गोरी नव्हती, उंच नव्हती, पण भाकर अशी थापायची की एका हातात मावत नाय. तिचे दिवस भरले ऐन पावसात. पाड्यावरनं रस्त्याला यायचं तर मधी ओहोळ, आणि तो त्या दिवसांत ओहोळ नसतो, नदी असते. आम्ही डोली केली. लग्नातली नाय काकी — चादर नि बांबू. चौघं खांद्याला, मी बाजूनं तिचा हात धरून. पाणी उतरायची वाट बघितली, किती वेळ ते नाय सांगता येत, मला ते पूर्ण आयुष्य वाटलं. रस्त्याला पोचलो तर जीप उभी होती. डायव्हर बोलला, चला, लवकर चला. आणि मी बोलली, आता सावकाश चल. त्याला कळलं नाय. परत बोलला लवकर. मी परत बोलली सावकाश. दवाखान्याबद्दल एक शब्द नाय माझा, दवाखाना चांगला आहे, तिथल्या बाया धावतात. पण दवाखाना इकडं नि आम्ही तिकडं, मधी तेवढं पाणी. आणि कळा यायच्या आधीच सगळ्या जणींनी येऊन खाटा अडवायच्या तर कुणाला जागा पुरणार? दिवस भरत आले की चार-आठ दिवस जवळ टेकायला एक भिंत पाहिजे, बस. वर छप्पर, शेजारी चूल. एवढ्यासाठी ती सावड.

बोलली मी. बोलून गेली. आता काय करायचं. शिकायला नाय काकी, बाळंतपणाला. घ्या.

नाय, थांबा, आत जाऊ नका, पुरतं ऐका. गर्दी नाय होणार. एका वेळी एक पोटुशी नि तिच्याबरोबर एक. म्हणजे दोघीच! मी बोलली ते खोटं नव्हतं, दोघीच, फक्त दरवेळी त्याच दोघी नाय. दिवाळीनंतर तर कोणच नाय, सगळे वीटभट्ट्यांवर, खोली नुसती बंद, भाडं मात्र चालू. असे भाडोत्री कुठं मिळणार तुम्हांला, सांगा, राहत नाय नि पैसे भरतात. आधीच्या खोलीत पण तसंच होतं. हां, होती ना, आधी पण होती एक खोली इथंच जव्हारला. बाजाराच्या मागं. मालकाचं नाव नाय घेत. दोन पावसाळे काढले तिथं. त्यानं दोन चाव्या दिल्या होत्या. एक माझ्याकडं, नि दुसरी आम्ही पाड्यावर मंगळूच्या दुकानात खिळ्याला टांगली, लाल दोरा बांधून. कुणाचे दिवस भरत आले की ती चावी घ्यायची नि एसटी पकडायची. विचारायचं कुणाला? चावी खिळ्याला नसली की सगळ्यांना कळायचं, कोणतरी गेलंय, दोन घास जास्त करून पाठवा. मालकाला ते आवडलं नाय. तो बोलला, दर खेपेला वेगळी बाई कशी? एक दिवस त्यानं कडी वाजवली, आतनं मी निघायला पाहिजे, हौशी, खोली माझ्या नावावर, तर निघाली फागूची बायको, पोट हे एवढं, हातात लाटणं. घाबरला तो. ती पण घाबरली. आमच्याकडं घराला कुलूप कुठं असतं काकी, आला तो बसला. आम्हांला हे कळायलाच वेळ गेला की खोली माणसाला भाड्यानं देतात, पाड्याला नाय.

तेवढ्यासाठी नाय काढलं. ते चाललं होतं आपलं, तो बडबडायचा नि मी काकड्या द्यायची. दुसऱ्या कारणानं. तुम्ही विचारलंत म्हणून — विचारलं नाय? मला वाटलं विचारलंत. मंग सोडा. पाणी किती वाजता येतं तुमच्याकडं? संध्याकाळी फक्त? चालेल. भरून ठेवू. वर्षाली, बरी आहेस ना गो? बस, बस, झालंच आता.

कुणी ना कुणी तुम्हांला सांगणारच, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. खोलीत पोर झालं. पोशी होती, माझ्या भावाची पोर, पहिलटकरीण. पहिलटकरणीला वेळ लागतो म्हणतात, हिला लागलाच नाय. पहाटे उठली, बोलली आते, मला कसंतरी होतंय, आणि मी रिक्षा बघायला पायरी उतरत होती तर मागनं पोर रडलं. काय करणार? केलं मी सगळं. मला येतं. माझ्या आईचं कामच होतं ते. पोर लालबुंद, रडणं असं की आख्खी आळी जागी. मंग दवाखान्यात पण नेलं दोघांना, सगळं नीट. आणि परत आली तेव्हा वार तिथंच होती टोपल्यात. पोराची वार, नाळेबरोबरची. आता ती कुठं ठेवायची? आमच्याकडं विचारत नाय कोण. जिथं पोर झालं तिथल्याच मातीत, घराला लागून. लांब नेली तर पोराला जागा राहत नाय, ते पोर नुसतं फिरत राहतं म्हणतात. मालकाच्या दाराशी जास्वंद होती. तिच्या बुडाशी खड्डा केला, खोल, कुत्र्यानं उकरायला नको म्हणून वर दगड ठेवला, तांदूळ टाकले. हळद वाहिली. हात धुतले.

इथपर्यंत तरी कुणाला काय कळलं होतं? पण मला राहवलं नाय ना. पाचवी केली, पोराचं तोंड बघायला पाड्यावरनं पाच-सहा जणी आल्या, आणि मी नारळ घेतला, पाटीभर तांदूळ घेतले नि गेली मालकाच्या दारात. आमच्याकडं असंच, ज्याच्या घरात पोर झालं त्याचा पहिला मान. मी खुशीत होती, काकी. चैतीनंतर पहिल्यांदा खुशीत होती. बोलली, शेठ, तुमच्या घरात पोर झालं, आता ते तुमचं पण पोर, बघा, तुमच्या जास्वंदीखाली आहे त्याची वार. मला वाटलं त्याला बरं वाटेल! खरंच वाटलं. त्याचं तोंड असं झालं — मी नाय करून दाखवत. संध्याकाळपर्यंत आमचं सामान रस्त्यावर होतं. ओल्या बाळंतिणीचं. त्याला मी शिव्या नाय देत, त्याच्या घरी देवाचं काय काय असतं, त्याला विटाळ वाटला असेल, ज्याचं त्याचं घर. पण त्यानं माणूस लावून ती जास्वंद मुळासकट काढली, माती पाटीत भरली नि नेली कुठं तरी. गोमूत्र शिंपडलं. पोशी रस्त्यात गोधडीवर बसून बघत होती. मला बोलली, आते, माझ्या पोराची जागा कुठं गेली? काय सांगणार होती मी? अजून विचारते. पोर आता रांगायला लागलंय, आणि ते घरात थांबत नाय काकी, सारखं दाराकडं जातं. सगळीच पोरं जातात, मला कळतं. पण पोशी माझ्याकडं बघते.

तुम्ही बसा ना. तुम्ही का उभ्या? माझं सोडा, माझं पाय दुखायचं उलटं आहे. 

तुम्ही मला ओळखलं नाय ना? कसं ओळखणार, मी एवढीशी होती. काळी सुईण आठवते का? खोडाळ्याकडनं यायची, कपाळावर गोंदलेलं, पान खायची. तिची पोर मी, हौशी. तिला बोलावणं आलं की ती मला बरोबर घ्यायची, घरी मला कोण बघणार म्हणून. तुमच्या सासूबाईंनी माणूस पाठवला होता, बैलगाडी घेऊन. मी तिथंच बसली होती, आता वर्षाली बसलीय तिथं, फक्त तेव्हा लाकडाचं फाटक होतं. आतनं तुमचा आवाज यायचा नि मी कान झाकायची. सासूबाईंनी मला लाडू टाकला होता, हातात नाय, वरनं, पण लाडू मोठा होता. मंग आई बाहेर आली, घामानं भिजलेली, हसत होती. बोलली, पोरगा झाला. आणि फावडं घेऊन मागं गेली, मी तिच्या मागं. पेरूखाली. मी तांदूळ टाकले होते, मूठभर, माझ्या ह्या हातानं. म्हणून मघाशी पेरू विचारला तुम्हांला. आणि ही खोली ना? ह्या खोलीतच होतात तुम्ही. खिडकी तेव्हा लहान होती.

रडू नका काकी. रडवायला नाय बोलली मी. कशाला बोलली तेच कळत नाय, मी ठरवून आली होती की दीर सांगायचा, नर्सिंग सांगायचं, चावी घ्यायची नि गप बसायचं.

वर्षालीचं पण सांगते मंग, आता काय लपवायचं. माझी पोर नाय ती. अर्जुनची बायको, पाड्याच्या कडेला त्यांची चार घरं आहेत. शेत नाय त्यांना, कधीच नव्हतं, घर उभं आहे ते पण दुसऱ्याच्या जमिनीवर. सावडीत त्यांना घ्यायचं की नाय यावरनं केवढं भांडण झालं. काही बोलले, ज्यांना शेतच नाय त्यांची सावड कसली? मी बोलली, शेत नसेल, पोट आहे ना. अर्जुन सगळ्यांच्या आवणीला उतरला नि त्यानं आपली पाळी फेडली, मंग वसईला बोटीवर गेला. तिचं पहिलं पोटात गेलं. हे दुसरं. आज-उद्यावर आहे, काल दवाखान्यातली बाई बोलली, लांब जाऊ नका. लांब जाऊ नका! मी तिला काय सांगू की आमचं घरच लांब आहे? रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात टेकलो. आज कुठं तरी आडवी झाली पाहिजे ती. काल ओहोळाला पाणी चढलं, मागं जाता येत नाय. एवढंच आहे, काकी. दोघी आहोत. आठ दिवस द्या म्हटलं तरी मी आठ दिवस घेईन, सावड-बिवड नंतर बघू.

चावी? देता? खरंच देता — दोन्ही? नको, दुसरी तुमच्याकडंच ठेवा, मी नाय टांगणार ह्या खेपेला खिळ्याला. बरं, इथं ओट्यावर ठेवा. वर्षाली! ऐकलंस का गो? बस, तू उठू नको, मी येते.

थोरल्याला विचारायचं? विचारा ना. घर त्याच्या नावावर असेल तर विचारायलाच पाहिजे. नाशिकला असतो होय? मोठा झाला असेल, केस पांढरे झाले असतील. करा फोन. मी बाहेर थांबू? बरं, इथंच थांबते. तुमचा आवाज मोठा आहे फोनचा, मला सगळं ऐकू येतं, मी ऐकत नाय असं समजा. हां, सांगा, खोडाळ्याकडच्या बाया आहेत. सांगा, भाडं आगाऊ देतात. हां. चांगला बोलतो हो. काय बोलला — द्यायला हरकत नाय? द्यायला हरकत नाय बोलला! बघा, मी बोलली नव्हती —

काय बोलला मंग?

मी ऐकलं, पण तुम्ही सांगा. मला वाटलं मला नीट ऐकू नाय आलं.

बाळंतबिळंत काय नको त्या खोलीत. हां. असंच बोलला. कळा यायच्या आधी बाहेर. आणि त्या बाईला फोन द्या, तिच्या तोंडून ऐकायचंय मला, की असलं काय होणार नाय. द्या की मंग. द्या इकडं. बोलते ना, एवढं काय, सकाळपासनं कितीदा खोटं बोलली मी, तीन दीर केले, कॉलेज केलं, त्यात हे एक.

हॅलो. हां दादा, मीच हौशी. हां. हां, ऐकते. नाय, तुम्ही नाय ओळखणार मला. हो, कळलं. खोलीत नको. कळलं. हां, बोलते —

काकी, हा फोन धरा जरा.

नाय बोलवत माझ्यानं. ती ऐकतेय. बघा कशी बघतेय इकडं, कान देऊन. बाकी सगळं खोटं ती ऐकून हसत होती मघापासनं, मला दिसत होतं शालीतनं. आणि आता मी तिच्यासमोर बोलू की तिचं पोर होणार नाय इथं? ह्या खोलीत? जिथं तो फोनवरचा झाला, जिथं माझ्या आईचे हात — तुम्ही काय बोलाल का त्याला? तुम्ही बोला ना. एकदा बोला. तुम्हांला ठाऊक आहे ना काकी सगळं, त्याला ठाऊक नसेल, तुम्हांला ठाऊक आहे.

बरं.

नाय, राग नाय. तुम्हांला त्याच्याकडंच राहायचंय पुढं, मला कळतं. ऊठ गो वर्षाली. हळू, गेटाला धर. शाल घे नीट. कुठं म्हणजे काय, चल, व्हरांडा आहे, नायतर स्टँडवर बाकडं आहे, दवाखाना जवळ आहे तिथनं पण. काय? कधीपासनं? आणि बोलली का नाय मला? गप बसली होती तिथं, ह्या खोलीसाठी? वेडी का तू. धर मला. सावकाश — नाय, लवकर. लवकर चल.

चावी ओट्यावर आहे काकी, दोन्ही आहेत. नको, पाणी नको, काकडी परत नको, ती तुमचीच. तुम्ही येऊ नका बाहेर, पायरी ओली आहे. आणि तो फोन बघा, चालूच आहे अजून, विचारतोय तो काय झालं म्हणून. सांगा त्याला, काय झालं नाय. दोघीच होत्या म्हणावं. गेल्या.